डॉक्टरांचे उघडे कान

आयुष्यात त्यांनी कुणाला साधी खोकल्याची गोळी दिली नाही, तरी सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. मूळचे ते सुतार. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली त्यांचा आणि धाकट्या भावाचा छोटा कारखाना होता; दारं, खिडक्या, कपाटं असं काम चाले. एखादं मशीन कुरकुरायला लागलं की डॉक्टर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू मशीनच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानापाशी धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. बघणाऱ्यांनीही श्वास रोखून धरावा असा तो प्रकार. मग डोळे उघडून निदान सांगायचे.

"पट्टा सैल झालाय."

"पात्याला धार नाही. उगाच रडवताय बिचाऱ्याला."

"पुढचं बेअरिंग थोड्या दिवसांचा सोबती आहे. आजच बदला."

मशीन उघडलं की तसंच निघायचं. आजूबाजूचे वेल्डर, फरशीवाले, प्लंबर आपापली ड्रिल आणि ग्राइंडर काखेत मारून यायचे. डॉक्टर वरून कितीही वैतागले तरी आतून सुखावायचे. शाळेत त्यांचं डोकं चाललं नाही, बोलण्यात कधी छाप पडली नाही, देवाने जे काही पदरात टाकलं ते या दोन कानांत, असं ते मानत.

कामाच्या शिस्तीत मात्र सासूला मागे टाकतील असे. पातं बदलायचं तर नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. प्लग भिंतीतून उपसून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा, मग पान्याला हात लावायचा. सैल बाही दिसली की, "दुमड, नाहीतर मशीन तुला दुमडेल." फिरत्या पात्यापाशी हातमोजे घालायला सक्त मनाई, कारण मोजा अडकला की मागोमाग हात जातो. पात्यावरचा गार्ड काढून काम करणाऱ्याला तर ते दारातही उभं करत नसत. संध्याकाळी भुसा झाडून, वायर कुठे सोलली आहे का ते बोटांनी चाचपून, मगच कुलूप लागायचं.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट त्यांनी पाळली नाही. धाकट्या भावाने कधीतरी कानांवर घालायची दोन जाड आवरणं आणली होती. स्वतःची त्याने लगेच घातली. डॉक्टरांनी आपली खिळ्याला टांगून ठेवली.

"दादा, घाल की रे. कान फुटतील."

"कान झाकले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं मला? डॉक्टरने कानात बोळे घालून छाती तपासायची का?"

सगळे हसले. धाकटाही हसला. आणि वर्षानुवर्षं तो करवतीचा चिरका आवाज डॉक्टरांच्या उघड्या कानांत शिरत राहिला.

कान एकदम गेले असते तर कळलं तरी असतं. ते गेले चोरपावलांनी. आधी बारीक, उंच आवाज गेले. जाड आवाजाच्या पुरुषांचं बोलणं समजायचं, बायकोचं समजेना. डॉक्टरांना वाटे, हिचंच तोंडातल्या तोंडात बोलणं वाढलंय.

"अगं, जरा मोठ्याने बोल की. जप करतेस का माझ्याशी?"

"जप देवापुढे करते मी. तो निदान ऐकतो तरी!"

ती चिडवायची आणि आपल्या कामाला लागायची. वय झालं की होतंच असं, म्हणून तिनेही मनावर घेतलं नाही. पण एकदा डाळीचा कुकर गॅसवर चढवून ती शेजारी आजारी बाईला बघायला गेली. जाताना सांगून गेली, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." परत आली तर जिन्यातच शिट्ट्या ऐकू आल्या. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता, आणि डॉक्टर त्याच्याकडे पाठ करून, ओट्याला टेकून, शांतपणे खिळे निवडत बसले होते.

तिने गॅस बंद केला. कुकरकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग त्यांच्यासमोर जाऊन बसली, तोंड दिसेल अशी.

"कधीपासून?"

डॉक्टरांनी खिळे डब्यात टाकले. "मला वाटलं, सर्दीने असेल."

"धाकट्या भाऊजींना सांगितलंत?"

"काय सांगू? डॉक्टर बहिरा झाला म्हणून? उद्यापासून मला कोपऱ्यात बसवून पॉलिश करायला लावतील. देवाने एवढं एकच दिलं होतं, तेही काढून घेतलं."

"त्याच्यावर ढकलू नका हं," ती म्हणाली. "त्याने चांगलं धडधाकट दिलं होतं. सांभाळायचं आपल्या हातात होतं. ते जाऊ दे. पण त्या मशीनवर भाऊजींचे हात असतात. तुम्ही सांगणार आहात, की मी सांगू?"

"मी सांगतो. सांगतो म्हटलं ना."

डॉक्टरांनी शब्द दिला, आणि ती त्या शब्दावर थांबली. रोज ते कारखान्यातून आले की ती नुसती मान वर करून बघायची, आणि ते चपला काढता काढता म्हणायचे, "आज गडबड होती."

अशाच एका सकाळी धाकट्याने मोठी गोल करवत चालू केली, लगेच बंद केली आणि कानांवरचं आवरण मानेवर ओढलं.

"दादा, जरा ऐकतोस का? शिट्टीसारखं काहीतरी येतंय मधूनच. बेअरिंग तर नाही?"

फरशीवाला आपलं कटर घेऊन आलेला, तोही कौतुकाने पुढे सरकला. "बघू दे, बघू दे, डॉक्टर काय म्हणतात."

मशीन पुन्हा चालू झालं. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. हाडातून एक जाडसर घरघर तेवढी येत होती. तिच्या वर, जिथे बेअरिंगची बारीक तक्रार असायला हवी, तिथे काहीच नव्हतं. पांढरा कागद पसरावा तसं.

निदानाचा दुसरा रस्ता त्यांना ठाऊक होता. प्लग काढायचा, पातं हातात धरून पुढेमागे हलवायचं. जरा जरी सैल लागलं की समजायचं, बेअरिंग गेलं. कुठल्याही नवख्याला जमेल असं काम. पण फरशीवाला बघत होता. तो म्हणाला असता, 'काय डॉक्टर, आज हाताने?' आणि धाकट्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं असतं.

डॉक्टरांनी डोळे उघडले.

"काही नाही. चालव."

"नक्की ना?"

"अरे, मी सांगतोय ना!"

दादाने सांगितलं, विषय संपला. धाकट्याने आवरण पुन्हा कानांवर चढवलं आणि फळी पुढे सरकवली. डॉक्टर दाराच्या चौकटीला सांधे पाडायला पलीकडे गेले. त्यांना पुढचं काही ऐकू आलं नाही. मशीन अडखळून ओरडलं ते नाही, धाकटा किंचाळला तेही नाही. फरशीवाल्याने हातातलं टाकून धाव घेतलेली दिसली, म्हणून ते वळले.

बेअरिंग फुटून पातं डगमगलं होतं, फळी त्यात आवळली जाऊन मागे उसळली होती आणि फळीवर दाबलेला हात तोल जाऊन पुढे पडला होता. गार्ड होता म्हणून पंजा राहिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात धाकट्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. डॉक्टरांना बघताच ती उठली. "तुम्ही ऐकून सांगितलंत म्हणे, भाऊजी. तुम्ही 'चालव' म्हणालात म्हणून चालवलं त्यांनी." डॉक्टर तिच्या ओठांकडे बघत राहिले. बायकोने जावेला धरून बाहेर नेलं. डॉक्टरांच्या बाजूने बोलायला तिच्याजवळ काही नव्हतं, आणि आपण दिलेल्या शब्दावर का थांबून राहिलो, हे देवाला विचारायचंही तिला धैर्य होत नव्हतं.

डॉक्टर खाटेशी स्टूल ओढून बसले.

"मला ऐकूच आलं नव्हतं," ते म्हणाले. "बेअरिंग. बरेच दिवस येत नाही. मशीनवरून उठवशील म्हणून बोललो नाही."

धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. काहीतरी बोलला. डॉक्टर पुढे वाकले. "काय म्हणालास?"

धाकटा कुशीवर वळला. बहिऱ्याशी बोलतात तसं, एकेक शब्द तोडून, सबंध वॉर्डला ऐकू जाईल असं बोलला. "म्हटलं, सांगितलं असतंस तर दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं मशीन. एवढंच केलं असतं, दादा. तुला कोण उठवणार होतं?"

पलीकडच्या खाटांवरच्या माना वळल्या. डॉक्टरांनी स्टुलाची कड घट्ट धरली. रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

कारखाना पुन्हा सुरू झाला. नवं बेअरिंग बसलं. करवतीवर आता पगारी कारागीर असतो. कान झाकल्याशिवाय तो बटणाला हात लावत नाही. धाकटा मापं घेतो, आखणी करतो. दोघं भाऊ एकत्र डबा खातात, बोलणं मात्र कामापुरतं. डॉक्टर दाराशी बसून पॉलिश पेपरने फळ्या घासतात. त्यांना कुणी बसवलं नाही. आपण होऊनच ते तिथे जाऊन बसले. बायको देवापुढे दोघांसाठी हात जोडते, आणि कधी कधी काय मागावं हेच तिला सुचत नाही.

ज्यांना हे कळलेलं नाही असे लोक अजून येतात. कुणी ग्राइंडर पिशवीतून काढायला लागला की डॉक्टर तो बाहेर येऊही देत नाहीत.

"मला ऐकू येत नाही. दुसरीकडे दाखवा."

आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळत नाही. आत धाकटा दर वेळी पेन्सिल थांबवतो, आणि मग डाव्या हाताने पुन्हा वाकडीतिकडी रेघ ओढायला लागतो.