ती शाळा सईला मानवली नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ह्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

आम्ही धुळ्याचे. सई तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "तिना बाप बी उशिराच बोलना." त्या एका वाक्यावर सगळं घर निवांत होतं. मी होते का?

देवपुरातली एक माँटेसरी बघायला मी तिला घेऊन गेले. "थोडा वेळ बसा, बघा, मग ठरवा," तिथल्या ताई म्हणाल्या. एवढी लेकरं, पण आरडाओरडा नाही. कुणी ठोकळे रचतंय, कुणी तांब्यातून पाणी ओततंय. सई मण्यांपाशी बसली आणि रमलीच. पण ताई तिच्याकडे बघत होत्या — बराच वेळ. मग त्या उठल्या, तिच्या पाठीमागे गेल्या आणि छोटी घंटा वाजवली. बाकीची मुलं वळली. सई मणी ओवत राहिली.

"कान तपासून घ्या," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "उशीर करू नका."

मी मान डोलावली. आणि घरी काय सांगितलं? — "नुसता खेळच चालतो तिथे. आपल्या सईला नाही मानवणार."

पण खरं अजून पुढेच आहे. त्या घंटेनं मला नवीन काहीच कळलं नव्हतं. त्याआधी एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी सईच्या मागे स्टीलचं ताट फरशीवर आपटलं होतं. ती हललीसुद्धा नाही. मी ताट उचलून मांडणीत ठेवलं — आणि गप्प बसले. कशाची भीती होती? लोकांची? 'बहिरी' या शब्दाची?

मग मी दुसरी शाळा निवडली. सईसाठी नाही — माझ्यासाठी. गच्च भरलेला वर्ग, सगळी एका सुरात ओरडणारी, एकेका पोराकडे बघायला कुणाला सवड नाही. नुसते ओठ हलवले की भागायचं. "ऐकत नाही" म्हणून ती मार खाऊन यायची. एकदा ह्यांनीही हात उचलला. मी दारातच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं — नाही बोलले.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी गल्लीत एक ट्रॅक्टर उलटा मागे येत होता. हॉर्न वाजतोय, बाया ओरडतायत, आणि सई रस्त्यातच खडूनं रेघा काढत बसलेली. ह्यांनी धावत जाऊन तिला ओढलं. त्या क्षणी त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी पाहिला.

जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

सईच्या कानाला मशीन बसवलं. पण उशीर झाला होता. तिचं बोलणं आजही घरच्यांनाच तेवढं समजतं. ह्यांचं मात्र अजून मन खातं. जेवताना मध्येच हात थांबतो. "ऐकू न येणाऱ्या लेकरावर हात उचलला मी," म्हणतात.

आणि मी त्यांची समजूत काढते — "तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"