बिनतिखट मिरची आणि शेजारच्या वहिनी

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. मिरचीची गोष्ट म्हटल्यावर लोक हसतील, आणि ते हसले की मलाच सुटल्यासारखं वाटेल, अशी भीती होती.

माझा जावई पुण्यात एका हॉटेलात स्पॅनिश आणि मेक्सिकन जेवण बनवतो. त्यानं बी दिलं. लालभडक मिरची, लाकडाच्या धुरावर वाळवायची, तिखटपणा मात्र अजिबात नाही. हळदीचं अर्धं एकर मोडून मी ती लावली. पण बिनतिखट मिरची लावली हे आमच्या गावच्या, गोरेगावच्या बाजारात कोणत्या तोंडानं सांगणार? बायकोला म्हणालो, "लवंगीच्या वरताण आहे. गोरे लोक खाऊन रडतात. घरात वापरायची नाही, सगळी हॉटेलची."

पत्र्याच्या खोलीत बाभळीच्या धुरावर मिरच्या वाळत होत्या, तेव्हाच तान्हा नातू किरकिर करायला लागला. बायकोनं माझ्या पोत्यातल्या मूठभर मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. नजर लागलेली नसली तर घरभर ठसका उठतो. लागलेली असली तर उठत नाही. धूर झाला, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. तिनं ओंजळभर टाकल्या. काहीच नाही. तिनं नातवाला उचलून पोटाशी धरलं.

"बाप्पा, लई जबर नजर हाय! काल कोन आलं होतं?"

"शेजारच्या काकू," सून म्हणाली. "लेकरू गोड दिसून राहिलं म्हणत होत्या."

मला सगळं कळत होतं. मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि शेतात गेलो.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारच्या त्या वहिनी दिसल्या की बाया लेकरं पदराखाली घ्यायला लागल्या. एक जण तर त्यांना बोलवायलाच आला, "वहिनी, हरभऱ्यात चला. रानडुकरांकडं नुसतं एकदा बघा." वहिनी चिडल्या नाहीत. गेल्या, बांधावर उभं राहून मन लावून बघून आल्या. त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एकदा मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेलो. भिंतीकडं तोंड करून त्यांनी चहाचा कप मागं सरकवला.

"भावजी, तिकडंच बसा. तुमच्या मिरचीला काही व्हायला नको."

मी पाऊसपाण्याचं बोललो, चहा पिऊन उठलो.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. माझ्या नातवाकडं त्यांनी पुन्हा मान वर करून पाहिलं नाही. त्या दिवशी चहा पिताना म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, इकडं बघा. तुमच्या नजरेत काही नाही. मिरचीच तशी होती, आणि ते मला ठाऊक होतं. मला माफ करा.