धुपाविना झालेलं जावळ

विस्तव विझला तेव्हा मला देवाचा राग आला होता, हे आधीच सांगते. अनुभव सांगणारी माणसं पहिल्या ओळीपासून हात जोडून उभी असतात. माझं तसं नव्हतं. भर उन्हात, डोंगराच्या सोंडेवर उभी राहून मी त्याच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. एवढं एक काम तुझ्याकडे घेऊन आले होते, तेही तुला नीट होऊ द्यायचं नव्हतं का, असं विचारलं. उत्तर तिथे आलं नाही. ते कसं आलं ते पुढे सांगते.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं, त्याच्या अलीकडे आत वळलं की आमचं गाव. गावाच्या पाठीला डोंगर आहे आणि डोंगराच्या कड्यात माणूस वाकून आत शिरेल एवढी गुहा. तिच्यात शेंदराचा एक दगड आहे. आम्ही त्याला नुसतं बाबा म्हणतो. सुट्टीच्या दिवशी कल्याण-मुंबईकडची मुलं-मुली हा डोंगर चढायला येतात, आमच्या अंगणात गाड्या लावतात, पोहे खातात आणि उतरून आल्यावर जेवतात. माझा नवरा चूल सांभाळतो आणि मी माणसं सांभाळते. पावसाळ्यात सगळेच जपून चालतात, पण होळी झाल्यावर लोकांना वाटतं की आता चिखल नाही, निसरडं नाही, म्हणजे वाट सोपी. खरी फसगत तिथेच होते. सोंडेवरचं वाळलं गवत पायाखाली आडवं झालं की तेलासारखं सरकतं, त्याच्या वर सुट्या मातीखडीचा घसारा असतो आणि सावलीला झाड नसतं. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी मी फोनवरच्या ग्रुपमध्ये वाटेची खबर बोलून टाकते. खडकातल्या टाक्यात पाणी किती आहे, वणवा कुठे लागून गेला, कड्याला आग्या मोहोळ कुठल्या अंगाला आहे. ऊन चढायच्या आत वर पोचा, अंगाला सेंट मारू नका, मोहोळाखाली धूर नको आणि आरडाओरडाही नको. आणि निघण्याआधी प्रत्येकाची काडेपेटी, लायटर माझ्याकडे जमा. यावरून पोरं मला चिडवतात, "काकी, एअरपोर्टवर पण एवढं चेकिंग नसतं." चिडवू देत. माझ्या डोंगरावर कुणाच्या विडीने वणवा लागलेला मला चालणार नाही.

आता माझ्या नवसाचं सांगते. माझी लेक ज्योती आटगावला दिलेली आहे. तिला पहिलं बाळ झालं ते दिवस भरायच्या आधीच. इवलीशी पोर काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी, आणि मी बाहेरच्या बाकावर. मी रडणारी बाई नाही. मी तिथे बसून बाबाशी सरळ बोलणी केली. ही पोर घरी येऊ दे, तिचं जावळ तुझ्या दारात काढीन, आणि आमच्या चुलीतला विस्तव खाली न ठेवता वर आणून तुला धूप घालीन. चुलीतला विस्तव नेऊन धूप घालायची आमच्या घराची जुनी रीत आहे. माझ्या सासूबाई तसंच करायच्या. पोर घरी आली. तिचं नाव ओवी ठेवलं. वर्ष सरलं, चैत्र लागला आणि जावळाचा दिवस ठरला.

मडक्यात राख घातली, तिच्यात खैराचे रसरशीत निखारे पुरले, वर झाकण ठेवून फडक्याने बांधलं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात, म्हणून माझा मुलगा नितीन बरोबर होता. ज्योतीच्या पाठीशी ओवी बांधलेली. नितीन मला हळूच म्हणाला, "आये, कड्याला आग्या लागलाय, तूच ग्रुपवर सांगितलंस. धूर कशाला नेतंस?" मी म्हटलं, "तो खिंडीच्या अंगाला हाय, देवाच्या दारावर नाय. आनि देवाच्या धुपाला माशी उठत नाय." ही दुसरी गोष्ट मी कुठून काढली ते मला अजून सांगता येत नाही. पहिली मागच्या रविवारच्या पोरांनी सांगितली होती, मी स्वतः काही वर गेले नव्हते. परक्यांच्या काडेपेट्या काढून घेणारी मी, वाळल्या गवतातून निखाऱ्यांचं मडकं नेत होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. विस्तव देवाचा होता ना!

निघालो तेव्हा गार होतं. खालच्या शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले काळे चौकोन, पुढे जाळीत कच्ची करवंदं, वाटेवर सागाची पानं वाजत होती. ओवी आईच्या पाठीवरून पक्ष्यांना उत्तरं देत होती. सोंडेवर येईपर्यंत ऊन लागायला लागलं, आणि तिथेच ती बाई दिसली. एका दगडाला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पायात गोळे आलेले. पस्तिशीची असेल. जवळ बाटली होती, ती रिकामी.

"एकटी आलीस काय गो?" मी विचारलं.

"मैत्रीण येनार होती, नाय आली," ती म्हणाली. "वाशिंदवरून आलेय. फोनवर बघितलं तर वाट सोपी दिसली."

मी तिला दोन शब्द सुनावले, कारण सुनावल्याशिवाय मला मदत करता येत नाही. मग नितीनने तिला उचलून कुड्याच्या झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत नेलं. मी मडकं दगडावर टेकवलं. खाली न ठेवण्याचा नवस त्या क्षणी डोक्यातही आला नाही. पिशवीतून मीठ, साखर आणि लिंबू काढलं, पाण्यात कालवून तिला घोटघोट पाजलं, पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवला. ज्योतीने तिच्या पोटऱ्या चोळल्या. तिच्या तोंडावर जरा रंग आला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत ती एकदम ओरडली, "काकी, धूर!"

मडकं कलंडलं होतं. फडकं सुटून निखारे उताराला गवतात गेले होते आणि गवत धरत होतं. आम्ही तिघं मागे वळेपर्यंत, जिला मघाशी उभं राहता येत नव्हतं ती बाई आपली सॅक उचलून तिथे पोचलीसुद्धा होती, गुडघ्यांवर बसून जाळावर सॅक आपटत होती. नितीनने डहाळी मोडली, मी चपलेने तुडवलं. जाळ दबला, पण निखारे गवताच्या बुडख्यात लाल होते आणि वारा वरून खाली येत होता. खाली सगळी सोंड वाळलेली, तिच्याखाली जंगल आणि त्याच्याखाली गाव. आमच्याकडे पाण्याची एक भरली बाटली उरली होती. मी ती उघडली आणि माझ्या चुलीतून आणलेला, बाबाच्या नावाचा विस्तव माझ्याच हाताने विझवला. एकेका निखाऱ्यावर पाणी घातलं, चर्र आवाज होत गेला, आणि मडक्यात उरला होता तोही ओतून भिजवला.

तेव्हा मला राग आला. नितीनच्या खिशात काडेपेटी नव्हती, कारण घरून निघताना मीच ती काढून घेतली होती. त्या बाईचीही मी विचारली. ती म्हणाली, "मी कशाला ठेवू?" ज्योतीचं तोंड उतरलं होतं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण तेच माझ्या मनात आलं होतं. नवस अर्धा राहिला तर पोरीचं काय? काचेच्या पेटीतले ते दिवस मला पुन्हा डोळ्यांसमोर दिसले. परत फिरावं का? पण जावळाचा दिवस ठरलेला, पोर बरोबर आलेली, आणि पाण्यासाठी तरी वरचं टाकं गाठणं भाग होतं. मी ज्योतीला म्हटलं, "चल. वर जाऊन त्यालाच विचारते." त्या बाईला सांगितलं की आम्ही उतरेपर्यंत या सावलीतून हलायचं नाही. तिने मान डोलावली.

आम्ही घसारा चढलो. खिंडीत आलो, डावीकडचा कडा बघितला. आग्या मोहोळ तिथे नव्हतं. नुसता काळा डाग होता, पोळं उठून गेल्यावर राहतो तसा. मला बरं वाटलं. मग आडव्या वाटेने गुहेकडे वळलो आणि पुढे चाललेला नितीन जागच्या जागी थांबला. त्याने मागे न बघता हात आडवा धरला.

मोहोळ देवाच्या दारावर होतं. गुहेच्या तोंडावर जो दगड पुढे आलेला आहे, ज्याच्याखाली बसून आमच्या सासूबाई धूप घालायच्या, त्याच दगडाला सुपाएवढं काळं पोळं लोंबत होतं. त्याच्यावरून माश्यांची लाट सरकत होती आणि एक संथ, जाड गुणगुण येत होती. माझ्या हातात त्या वेळी पेटतं मडकं असतं तर मी दारात बसले असते, राळ टाकली असती आणि धुराचा ढग सरळ वर पोळ्यात गेला असता. पळायला तिथे जागा नाही. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि आईच्या पाठीवर बांधलेली पोर.

नितीनने खुणेने विचारलं, परत? मी तेच म्हणणार होते. तेवढ्यात ज्योतीने ओवीला पाठीवरून सोडून मांडीवर घेतलं आणि आहे तिथेच, दारापासून जरा अलीकडे, खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "इथूनच दिसतो की तो." खरंच दिसत होता. शेंदूर उन्हात उजळला होता. मग आम्ही घंटा न वाजवता, नारळ न फोडता, एक शब्द न बोलता जावळ काढलं. ओवी मामाच्या मांडीवर बसली. नितीनने कात्रीने पुढची बट कापली, मी ती पानावर झेलली.

आणि तेव्हा एक माशी आली. पोळ्यावरून सुटली, आमच्याभोवती फिरली आणि ओवीच्या कपाळावर, बट कापली तिथेच, बसली. आग्याची माशी एकटी चावत नाही, एक चावली की मागून सगळ्या येतात, हे मी किती जणांना बजावलं असेल. हाकलायला हात उचलायचा नाही, हेही मीच सांगते. नितीनच्या हातात कात्री तशीच राहिली. ज्योती माझ्याकडे बघत होती, कारण लहानपणापासून काही झालं की ती माझ्याकडेच बघते. आणि माझ्याकडे त्या घटकेला काही म्हणजे काहीच नव्हतं. धूर नव्हता, पाणी नव्हतं, द्यायला शब्द नव्हता. दवाखान्याच्या बाकावरसुद्धा माझ्याकडे काहीतरी होतं. मी देवाला अमुक देईन म्हणू शकत होते, तेव्हा निदान सौदा तरी होता. आता हातही जोडता येत नव्हते. मी मनात एवढंच म्हटलं, पोर तुझी आहे, बघ बाबा. असं मी आयुष्यात कधी कुणाला म्हटलं नव्हतं, देवाला तर नाहीच.

माशी कपाळावरून भुवईवर आली. ओवीने डोळे वर करून तिला बघायचा प्रयत्न केला. ती रडली नाही, हलली नाही. हसली, आणि तेही आवाज न करता. माशी उडाली आणि पोळ्यात जाऊन मिसळली. आम्ही ते पान तिथेच दगडावर ठेवलं, वरून चाफ्याचं फूल ठेवलं आणि पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत वळणापर्यंत आलो. वळणावर ज्योती रडली. मीही रडले. मी रडणारी बाई नाही असं वर म्हटलंय, ते तसंच राहू दे.

खिंडीपलीकडच्या टाक्यावर पाणी भरून उतरलो. गोष्टीत असती तर वाशिंदची ती बाई आतापर्यंत नाहीशी झाली असती. पण ती कुड्याच्या सावलीत आडवी होऊन चक्क घोरत होती, आणि मला तिचं ते घोरणं फार आवडलं. तिला उठवलं, पाणी पाजलं, गवतात नितीनच्या मागे पाय रोवत चालायला लावलं. वाटेत ती सारखी म्हणत होती, "काकी, माज्यामुळं तुमचा विस्तव गेला." मी तिला वर काय झालं ते सांगितलं. ती थांबली, ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा नितीनच्या मागे उतरायला लागली. घरी आमच्या अंगणात बसून तिने पोटभर भाकरी खाल्ली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर खबर टाकली की मोहोळ दारावर आलं आहे, पाऊस पडेपर्यंत कड्याखाली कुणी जायचं नाही, खिंडीतूनच हात जोडा आणि परत फिरा. "आमच्या गावचे, आमच्या घरचेसुद्धा," एवढं शेवटी मुद्दाम म्हटलं.

दिवे लागायच्या वेळी ज्योती ओवीला मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मनातली गोष्ट दिवसभर तिच्या तोंडावर होती. "आये, धूप राहिला ना गो. पावसानंतर पुन्हा विस्तव घेऊन जायचा का?"

मी ओवीला घेतलं. कपाळावर बट कापल्याची जागा अजून खरखरीत होती. मी तिथे ओठ टेकवले.

"नाय गो," मी म्हटलं. "त्याला पोचलं."