चार इंचाची रिम

उल्हासनगरचा तो टायरवाला गिऱ्हाइकावर ओरडायला कधी कचरायचा नाही. नव्वद सालच्या आसपास मी वडिलांची जुनी विलायती गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो. मला तिला रुंद, ऐटदार टायर बसवायचे होते. त्याने चाक काढलं, रिमच्या दोन्ही कडांमधलं अंतर पट्टीने दोनदा मोजलं.

"रिम चार इंचाची आहे. हा टायर सहा इंची रिमचा. फुगून बसेल, वळणावर डोलेल. मी नाय लावणार."

"गाडी माझी आहे ना?" मी चिडलो.

"आणि आत बसणार कोण कोण?" त्याने पट्टी जमिनीवर आपटली.

मी तणतणत निघालो आणि अंबरनाथच्या एका दुकानात तेच टायर बसवून घेतले. पंधरा दिवसांनी बारवी धरणाच्या रस्त्यावर, एका वळणावर गाडी झोकांडली आणि भातखाचरात उतरली. शेजारी बसलेल्या वडिलांचा उजवा हात मोडला. ते शाळेत चित्रकला शिकवायचे.

मी गाडी घेऊन परत उल्हासनगरला गेलो आणि अंबरनाथवाल्याला शिव्या घालू लागलो. टायरवाल्याने हातातला पाना भिरकावला.

"त्याला कशाला बोलतो? त्याला माहीत नसेल. तुला तर माहीत होतं!"

मग त्याने चारही चाकांना योग्य मापाचे टायर चढवले.

घरी वडिलांसकट सगळे अंबरनाथच्या दुकानदारालाच दोष देत होते. माझ्यावर रागावणारा हा टायरवाला एकटाच निघाला.