वगळलेला फर्मा

मावशीला राग लवकर येतो, असं बाइंडरीत सगळे सांगतात. साफ खोटं! एकतीस वर्षं एकाच टेबलाभोवती गोल फिरणाऱ्या बाईला राग लवकर येत असता, तर ते टेबल कधीच उलटं झालं असतं. यायचा तेव्हाच येतो तिला राग. मात्र आला की मग कुणाची खैर नाही.

काम तिचं सांगायला सोपं. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असतात. मावशी टेबलाला फेरी घालते, प्रत्येक ढिगातला एकेक उचलते आणि फेरी संपली की हातात एक पुस्तक तयार. ते शिवणवालीकडे जातं. मग पुन्हा फेरी. गुडघे बोंबलतात, पण बोटं अशी तयार झालीत की फर्मा हाती आला की न बघताच ती सांगते, हा कितवा.

म्हणूनच त्या सोमवारी तिसऱ्या ढिगाशी तिची बोटं अडली. पुस्तक होतं ‘निवडक शास्त्र’, म्हणजे बायबलमधले वेचे. दरवर्षी हेच पुस्तक ख्रिस्ती मंडळ्यांसाठी बांधलं जायचं. तिसऱ्या फर्म्यात मोशेची गोष्ट असायची. या खेपेला तिथे टोपी घातलेल्या एका गृहस्थाचा फोटो होता. पुढे पंधरा पानं उपदेश. कामगारांनी समाधानी असावं, ते देवाला आवडतं. फाटकाबाहेर विचारल्याशिवाय जाऊ नये. प्रत्येकाचं ओळखपत्र ऑफिसच्या कपाटात सुरक्षित आहे, त्याची चिंता करू नये.

मावशीने टोपी ओळखली. चेहरा मळ्याच्या मोठ्या मालकाचाच, म्हणजे हा त्याचा मुलगा. अरे देवा, मळा तोच!

त्या मळ्यावर मावशीचा जन्म झाला. पत्र्याच्या लांब चाळीत एकेक खोली, एकेका खोलीत आठ-आठ माणसं, आणि अंधार पडला की फाटकाला बाहेरून कुलूप. कुणी कुलपाबद्दल विचारलं की मोठा मालक म्हणायचा, “चोर येतात रे बाबांनो, तुमच्याच भल्यासाठी.” कसले चोर! चोरून न्यायला त्या खोल्यांत होतं काय, माणसांखेरीज? ती एकोणीस वर्षांची असताना एका रविवारी नवीन उपदेशक आला आणि त्याने मोशेची गोष्ट वाचली. राजाने देवाची माणसं राबवून घेतली, देव म्हणाला, सोड त्यांना, त्यांना माझी सेवा करायचीय. राजा ऐकेना. देवही हटेना. शेवटी माणसं बाहेर पडली. त्या आठवड्यात पाच माणसं पळाली, त्यांत मावशी. उपदेशकाला पुन्हा बोलावलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

धाकटी बहीण तेव्हा बारा वर्षांची. “तुला न्यायला येते,” असं तिला सांगून मावशी निघाली, आणि गेली नाही. भीती वाटली. पत्रं लिहिली, ती मळ्याच्या ऑफिसात फोडली जातात हे कळल्यावर तीही थांबवली. बहीण अजून तिथेच होती. दोन मुलांची आई, नवरा गेलेला. इतकं मात्र बाजारातल्या एका बाईकडून कळलं होतं.

मावशी फर्मा घेऊन तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे बाइंडरीचे मालक, मंडळीत पुढच्या बाकावर बसणारे.

“साहेब, तिसरा फर्मा चुकलाय.”

“चुकला नाही मावशी. गिऱ्हाइकाने तसंच मागितलंय. चारशे प्रती, त्यांच्या कामगारांना भेट म्हणून.”

“मोशेला काढून स्वतः जाऊन बसलाय तो माणूस! आणि तुम्ही बसू दिलं?”

“आपण काय फाडलं थोडंच? फक्त घातलं नाही. निवडकच आहे ना ते? तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका.”

फक्त घातलं नाही, म्हणे! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या संध्याकाळी ती देवावरही उखडली. म्हणाली, मला एकटीला बाहेर काढलंस ते कशाला? कागद गोळा करत टेबलाभोवती फिरायला? त्याच माणसाचा फोटो या हातांनी माझ्या बहिणीकडे पाठवायला? ती बराच वेळ भांडली. आणि भांडताभांडता तिला आठवलं की गोदामात जुन्या आवृत्तीचे तिसरे फर्मे भरपूर शिल्लक आहेत. आकार तोच, पानं सोळाच.

पुढचे तीन दिवस ती मुकाट्याने फिरली. टोपीवाल्याचा ढीग टेबलाखाली, मोशे टेबलावर. शिवणवालीने पाहिलं आणि सुई चालू ठेवली. गोंद लावणाऱ्या काकांनी पाहिलं आणि म्हणाले, “मला काही दिसत नाही, चष्मा बदलायला झालाय.”

शुक्रवारी दुपारी टेम्पो दाराशी लागला. चारशे प्रती बांधून तयार होत्या. मावशी गुपचूप बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण लपवाछपवी तिच्या पोटात राहणारी नव्हती. ती सरळ साहेबांसमोर उभी राहिली.

“मोशे आत घातलाय. चारशेच्या चारशे पुस्तकांत.”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “तुम्हाला वेड लागलंय का? काढा! आत्ताच्या आत्ता कापून काढा सगळं!”

कुणी हललं नाही. त्या बाइंडरीत शास्त्राचं पान कुणी फाडत नसे. शाईने खराब झालेला कागदसुद्धा फडक्यात गुंडाळून वरच्या कपाटात ठेवायचा, असा नियम साहेबांच्या वडिलांनीच घातला होता. काकांनी सुरी टेबलावर ठेवली आणि ते मागे सरकले. शिवणवालीने पाठ फिरवली.

“तुम्हीच काढा साहेब,” मावशी म्हणाली. “घालायचं नाही असं खुर्चीत बसून सांगता येतं. आता हाताने कापा. देवाने सांगितलंय माणसं सोड म्हणून, ते कापा. माझी बहीण आहे त्या कुलपाआड!”

साहेबांनी खरंच सुरी उचलली. एक प्रत उघडली, पातं शिलाईशी नेलं आणि नजर पानावर पडली. ते वाचत राहिले. पान उलटलं, आणखी वाचलं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

“भरा खोकी,” ते म्हणाले. मग मावशीकडे न बघता, “आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

“उद्याचं कशाला, आत्ताच निघते,” मावशी म्हणाली. तिने अॅप्रन सोडून खुंटीला लावला, पिशवी उचलली आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

“अहो मावशी, हा टेम्पो मळ्यावर जातोय,” ड्रायव्हर गोंधळून म्हणाला.

“ठाऊक आहे मला.” तिने पिशवी मांडीवर घेतली.

“फाटकावरचा माणूस विचारेल, सोबत कोण म्हणून. काय सांगू त्याला?”

“तू काही सांगू नकोस. मी सांगेन. म्हणेन, बहिणीला न्यायला आलेय, उशीर झालाय, फाटक उघड.”