फेब्रुवारीतली दिवाळी

मी पहिल्यांदा कॅनडाला निघालेलो तेव्हा बाबांनी गल्लीतल्या भंगारवाल्याचा लटकवायचा वजनकाटा मागून आणलेला. ठाण्यात, कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते बॅग उचलून उचलून वजन करत होते आणि आई भाजणीची पिशवी एकदा आत घालत होती, एकदा बाहेर काढत होती. जादा वजनाचे पैसे भरायचे नव्हते. टॅक्सी सुटताना बाबा खिडकीपाशी वाकले आणि म्हणाले, "उगाच पैसे उडवू नकोस. तिकीट स्वस्त मिळेल तेव्हाच ये." बाकीच्यांचे बाप 'सांभाळून राहा' म्हणतात. आमच्या बाबांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर जन्म काढला, आणि रिक्षाचे पैसे वाचवायला ते चालत घरी यायचे. त्यांचा आशीर्वाद असाच असणार.

ते वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पुढे त्याच्याआडच लपलो.

तिकडे बस्तान बसलं, पगार वाढला, आणि स्वस्त तिकीट शोधायचं मला व्यसनच लागलं. भाडं उतरलं की फोन टुणकन वाजायचा. थेट विमान मी कधी घेतलं नाही. दोन ठिकाणी बदलायचं, मधल्या विमानतळावर बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकवून बाकावर झोपायचं, आणि वर त्याचा अभिमान बाळगायचा. दिवाळीत भाडं गगनाला भिडतं, फेब्रुवारीत जमिनीवर येतं, म्हणून मी फेब्रुवारीत घरी यायचो. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी एकदा लांबलचक पाल्हाळ लावलेलं, की सण काय, मनात असतो, कधीही करता येतो. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्याला अंगठे दिले, काहींनी ऐकलंही. आज हे लिहितोय ते तुमच्यासाठी, आणि तुमच्या मागे घरी राहिलेल्यांसाठी.

पहिल्या वर्षी घरी पोचलो तर भर फेब्रुवारीत दारात आकाशकंदील. "तू आलास की आमची दिवाळी," आई म्हणाली. सगळ्याच आया असं म्हणतात, आमच्या आईने खरंच केली. पहाटे पाटावर बसवून तेल-उटणं, दारात रांगोळी, चकल्या, करंज्या, अनारसे. समोरच्या काकू फराळाचं ताट घेताना हसायच्या, "काय वहिनी, तुमची दिवाळी होळीला टेकली की." बाबांनी लवंगीची माळ लावली तर सोसायटीचे सेक्रेटरी वरात कोणाची म्हणून बघायला आले. दरवर्षी हेच, आणि मला जाम मजा वाटायची. फोटो ग्रुपवर टाकायचो, दिवाळीही झाली आणि पैसेही वाचले. फेब्रुवारीत उटणं कुठे मिळतं, पणत्या कुठून येतात, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

गेल्या दिवाळीत कंपनीने मला बंगळूरला पाठवलं. तिकीट अर्थात कंपनीचं. काम आटोपून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी न सांगता ठाण्याला आलो. खरं सांगायचं तर आनंद दोन होते. आईबाबांना चकित करायचं हा एक, आणि फेब्रुवारीचं तिकीट वाचलं हा दुसरा. दुसरा जास्त मोठा होता की काय, कोण जाणे.

आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या दारांत कंदील आणि रांगोळ्या होत्या, आणि आमच्याच दारात काळोख. जवळ गेलो तर उंबऱ्याशी शास्त्रापुरती एक पणती. आत आईबाबा पिठलं-भात जेवत होते आणि ओट्यावर शेजाऱ्यांकडून आलेली फराळाची ताटं झाकून ठेवलेली.

मला बघून आई खरकट्या हाताने उठली. हसली, आणि मग चोरी पकडल्यासारखी ओशाळली. "अरे, सांगायचंस तरी. काहीच केलेलं नाही रे घरात."

"आई, आज दिवाळी आहे ना?"

"ती लोकांची," आई म्हणाली. "आपली फेब्रुवारीत."

बाबा ताटातून वर न बघता म्हणाले, "दोनदा करणं होत नाही रे तिच्याने आता. गुडघे धरतात. एकदाच करायची तर तू असताना करते." शेजाऱ्यांची ताटं रिकामी परत देऊ नयेत म्हणून आई त्यात चमचाभर साखर घालायची आणि सांगायची, आमचा फराळ नंतर.

मी स्टूल घेऊन माळ्यावर डोकावलो. जुन्या साडीत गुंडाळलेला कंदील होता. शेजारी खोक्यात नव्या पणत्या आणि उटण्याची पाकिटं, त्याच आठवड्यात आणलेली. बाजारात मिळते तेव्हा आई दिवाळी विकत घ्यायची आणि माळ्यावर ठेवून द्यायची. मला इतकी लाज वाटली की खाली उतरवेना. कंदील सापडत नाही असं दाखवत तसाच उभा राहिलो.

आई खाली स्टूल धरून होती. "काढतोयस कंदील?" तिने विचारलं. आणि मग, "म्हणजे आता फेब्रुवारीत नाही येणार?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आणि मी तर न येण्याचं विमानातच ठरवून आलेलो.

"येणार," म्हणालो. कंदील लावला आणि दारातच उभं राहून फोनवर फेब्रुवारीचं तिकीट काढलं, भाडं उतरायची वाट न बघता. बाबांनी चष्मा पुसत विचारलं, "कितीला पडलं?"

"स्वस्तात मिळालं," मी म्हणालो. बाबा खूश झाले.

माझं ऐकून तुम्हीही फेब्रुवारीत जात असाल, तर एकदा भर दिवाळीत न सांगता घरी जा आणि आधी दार बघा. मला वाटायचं, मी फक्त माझा प्रवास पुढे ढकलतोय. घर म्हटलं की आता मला तो माळा आठवतो आणि मान खाली जाते.

निघायच्या दिवशी आईने कंदील पुसला, साडीत गुंडाळला आणि वर ठेवायला माझ्या हातात दिला.

"पुढच्या दिवाळीला मीच काढणार हा," मी म्हणालो.

"कुठल्या?" आईने विचारलं. "आपल्या, की लोकांच्या?"