चिडकं आतडं अन् सासऱ्यांचा दहावा

माझा गाढवपणा मीच सांगतो बाबांनो! दुसऱ्यानं सांगितला तर मीठमसाला लावून सांगंल.

तेव्हा आमचं हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं. माझं पोट फुगायचं, गुरगुरायचं. म्हणून आमच्या हट्टा गावाहून हिंगोलीला एका नव्या डॉक्टरकडं गेलो. पोट दाबून म्हणतो, "रोग काही नाही. आतडं चिडकं आहे तुमचं. खाल्लेलं आत आंबतं, त्याचा गॅस होतो. हरभरा अन् दूध बंद करा."

सुई न्हाई, गोळी न्हाई! असला कुठं डॉक्टर असतो काय हो?

बायको म्हणे, "ऐका की त्याचं."

म्हणलं, "आतडं चिडतं म्हणे! ते काय माझी सासू हाय?"

अन् त्या शहाण्याच्या नाकावर टिच्चून रोज हरभऱ्याची उसळ हाणली, वरून तांब्याभर दूध.

तेवढ्यात सासरे वारले. दहाव्याला सासुरवाडीला, जवळा बाजार गावात, ओढ्याकाठी पिंड मांडला. मी थोरला जावई, मानानं पुढं बसलो. कावळा शिवला म्हणजे सासरे सुटले. समदे चिडीचूप.

कावळा उतरला, दोन उड्या मारल्या, अन् माझ्या पोटात गुर्रर्र! कावळा भुर्रकन लिंबावर.

सासूबाई रडू लागल्या, "यांचा जीव कशात अडकला गं बाई!"

मेव्हण्यानं हात जोडले, "बाबा, बैलजोडी इकणार न्हाई! आईला अंतर देणार न्हाई!"

कावळा उतरला. परत गुर्रर्र!

लोक वळून बघू लागले. मी काय करावं? शेजारच्या बहिऱ्या चुलतसासऱ्यावर डोळे वटारले! लोकांनी म्हाताऱ्याला उचलून पार दुसऱ्या झाडाखाली नेलं. "काहून उठवून राहिले रे?" बिचारा विचारतोय, अन् मी मान हलवतोय, "वय झालं हो." थू माझ्या जिनगानीवर!

तिसऱ्यांदा कावळा आला. आता पोटात नुसती गुरगुर न्हाई, तोफ भरलेली! दात आवळले, मुठी आवळल्या. कावळा पिंडापासून वीतभर, अन् मला दम निघंना. शेवटी धोतर सावरत उठलो अन् बांधामागं पळालो.

बांध ओलांडतो तोच मागून गलका, "शिवला! शिवला!"

परत आलो तर समदे माझ्याकडं टकामका बघून राहिले.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी उठले अन् लगेच शिवला."

सासूबाईंनी डोळे पुसले. "व्हय. मरेपर्यंत ह्यांचं एकच, घरात ठाण मांडून बसलेला हा जावई एकदाचा उठंल कधी?"

पोटाचं सांगायला तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण? तेव्हापासून सासुरवाडीत कुणाचाबी दहावा असो, पिंड मांडला की आधी मला उठवतात. अन् तो हरामखोर कावळा बराबर शिवतो!